पातळ केस फुगीर दिसण्यासाठी ड्रायर, गोल ब्रश आणि टाँग कसे वापरावेत

पातळ केस डोक्याला चिकटून बसतात ते मुळांशी. तरीही बहुतेक जणी ड्रायर टोकांवर फिरवतात, टोकं वळवतात आणि तासाभरात माथा पुन्हा चप्पट झाला म्हणून हळहळतात. मेहनत मुळाशी, पहिल्या तीन-चार सेंटिमीटरमध्ये करायची असते.

त्यामागचं कारण साधं आहे. केराटिन म्हणजे केस ज्या प्रथिनाचा बनतो ते; त्याच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. केस भिजले किंवा तापले की हे बंध सुटतात आणि वाळताना, गार होताना नव्याने जुळतात. त्या क्षणी केस ज्या आकारात असेल, तोच आकार पुढच्या धुण्यापर्यंत टिकायला बघतो. म्हणून दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. मुळं ओली असतानाच उभी करून वाळवा आणि तापलेला केस गार होईपर्यंत हलवू नका. दुसरी गोष्ट घाईत हमखास राहून जाते.

सुरू करण्याआधी

केस पातळ असणं वेगळं आणि विरळ असणं वेगळं. एकेक केस बारीक असेल तर तो पातळ, डोक्यावर केसांची संख्याच कमी असेल तर ते विरळ. पद्धत दोन्हींना लागू पडते, पण विरळ केसांवर ब्रशचा ताण कमी ठेवा. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठभर गळू लागले असतील, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तिथे ड्रायरचा उपयोग नाही.

ड्रायर १२०० ते १६०० वॉटचा पुरतो, मात्र त्याला चपटं नोझल (हवा अरुंद पट्ट्यात सोडणारं तोंड) आणि गार हवेचं बटण हवंच. गोल ब्रश निवडताना केस त्याभोवती दीड-दोन वेढे बसतील असा घ्या: हनुवटीपर्यंतच्या केसांना २५ ते ३२ मिलिमीटर व्यासाचा, खांद्यापर्यंतच्या केसांना ४० ते ४५ मिलिमीटरचा. लांब केसांवर बारीक ब्रश वापरला की तो गुंततो आणि शेवटी कात्री शोधावी लागते. शिवाय चार-सहा मोठे वेल्क्रो रोलर (केसांना स्वतःच चिकटून राहणाऱ्या नळ्या), केस वेगळे धरायला चिमटे, मूस (केसांना आधार देणारा फेस) आणि हीट प्रोटेक्टंट स्प्रे (उष्णतेपासून केस जपणारा फवारा).

धुताना

आदल्या रात्री तेल लावलं असेल तर शाम्पू दोनदा करा. मुळाशी उरलेला तेलाचा थोडा अंशही पातळ केसाला खाली ओढतो. कंडिशनर कानाच्या खालीच, आणि खांद्यापर्यंतच्या केसांना एक छोटा चमचा पुरे. घरात बोअरवेलचं जड पाणी येत असेल तर केसांवर क्षार बसतात, केस निस्तेज आणि राठ होतात. महिन्यातून एक-दोनदा क्लॅरिफाइंग शाम्पू, म्हणजे साचलेला थर काढणारा शाम्पू, वापरला की फरक कळतो. टॉवेलने चोळू नका, दाबून पाणी टिपा.

वाळवताना

१. ओल्या केसांवर हीट प्रोटेक्टंट फवारा. मग लिंबाएवढा मूस हातावर घेऊन बोटांनी मुळांजवळ पसरवा. सीरम आत्ता नको, आणि मुळाशी तर कधीच नको.

२. नोझल काढून ठेवा. ड्रायर मध्यम उष्णतेवर, डोक्यापासून साधारण १५ सेंटिमीटर लांब धरा. केस जिकडे पडतात त्याच्या उलट दिशेने बोटांनी ढकलत वाळवा: डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे, मागचे पुढे. काही जणी डोकं खाली घालून वाळवतात. त्यानेही मुळं उठतात, पण भांगाजवळचे केस वेडेवाकडे वाळतात. बाजू बदलत वाळवणंच चांगलं. केस सत्तर टक्के वाळले, म्हणजे मुळं जेमतेम दमट आणि टोकं ओलसर राहिली की थांबा.

३. आता नोझल लावा. माथ्यावरचे केस चिमट्याने बांधून ठेवा आणि कामाला मागून, मानेकडून सुरुवात करा. एका वेळी घेतलेली बट ब्रशच्या लांबीपेक्षा रुंद नको आणि ब्रशच्या व्यासापेक्षा जाड नको. जास्त केस घेतले तर आतला थर ओलाच राहतो, आणि तोच अर्ध्या तासात फुगवटा घालवतो.

४. ब्रश मुळाखाली घालून बट वर उचला. ड्रायर केसाला समांतर ठेवून हवा मुळाकडून टोकाकडे सोडा. उलटी हवा दिली की केसावरचे खवले उघडतात आणि केस पिंजारतो. ड्रायर एका जागी धरू नका, टाळू भाजते. माथ्यावरच्या बटा सरळ वर नाही, तर कपाळाकडे झुकवून वाळवा. त्या मागे पडल्या की मुळाशी कमान राहते. फुगीरपणा सगळ्यात जास्त इथूनच येतो, म्हणून या चार-पाच बटांना निवांत वेळ द्या.

५. बट वाळली की ब्रश मुळापर्यंत गुंडाळा, पाच सेकंद गरम हवा, मग दहा सेकंद गार हवा. ब्रश खेचून काढू नका, उलटा फिरवत सोडवा. लगेच त्याच बटेत वेल्क्रो रोलर बसवा आणि पंधरा मिनिटं विसरून जा. तोवर साडी नेसून होते.

६. रोलर काढल्यावर केस बोटांनी मोकळे करा. कंगवा फिरवू नका. भांग रोजच्या जागेपासून बोटभर सरकवा. वर्षानुवर्षं एकाच बाजूला पडलेले केस दुसरीकडे वळवले की आपोआप उभे राहतात.

टाँग आणि क्रिम्पर

कर्लिंग टाँग, म्हणजे केस गुंडाळून कुरळे करायचा तापणारा दांडा, फक्त पूर्ण वाळलेल्या केसांवर. ओल्या केसात अडकलेल्या पाण्याची आत वाफ होते, तिचे बुडबुडे केसाला आतून पोखरतात आणि तिथेच तो तुटतो. चर्र आवाज आला की टाँग बाजूला ठेवा. पातळ केसांना १२० ते १५० अंश सेल्सिअस पुरेसं आहे. काही टाँग थेट २०० च्या पुढे जातात, पण तुमच्या केसांना तेवढी उष्णता नको. तापमान दाखवणारं बटणच नसलेला टाँग पातळ केसांसाठी घेऊ नका. बट टाळूपासून दोन बोटं सोडून गुंडाळा, पाच ते आठ सेकंद धरा, निघालेली कुरळी गुंडाळी तशीच तळहातावर झेला आणि गार होईपर्यंत चिमट्याने डोक्यावर धरून ठेवा. तशीच सोडली तर वजनाने ओघळते.

अंबाडा घालायचा असेल तर क्रिम्परला, म्हणजे केसांना बारीक नागमोडी घड्या पाडणाऱ्या तापत्या चिमट्याला, तोड नाही. माथ्यावरचा वरचा थर बाजूला करा, त्याखालच्या थराला फक्त मुळाशी तीन-चार सेंटिमीटर क्रिम्प करा आणि वरचा थर त्यावर सोडा. बाहेरून काही दिसत नाही, पण आतला खडबडीत थर वरच्या केसांना उचलून धरतो. पिनाही घसरत नाहीत. पातळ केसांतून गजरा निसटतो ही तक्रार याने बरीच कमी होते.

बिघडलं तर

माथा चप्पट वाळला असेल, तर त्यावर नुसती उष्णता देत बसू नका. फक्त मुळं पाण्याने दमट करा आणि तेवढाच भाग उलट दिशेने पुन्हा वाळवा. केस फुगले पण पिंजारले, तर नोझल नव्हतं किंवा हवा उलटी लागली. चिकट दिसत असतील तर मूस जास्त झाला.

मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतलाच ओलावा केसातले हायड्रोजन बंध सोडवत राहतो. पुण्या-नागपूरच्या कोरड्या दिवसांत जे दोन दिवस टिकतं, ते तिथे दुपारीच बसतं. अशा दिवसांत मूसचं प्रमाण किंचित वाढवा, केस पूर्ण गार झाल्यावर मुळांशी हलका हेअरस्प्रे द्या आणि बाहेर पडण्याआधी घाम येईल असं काम टाळा. हेल्मेटने दबलेले केस मात्र सहज सावरतात: डोकं थोडं झुकवून मुळांना अर्धा मिनिट कोमट हवा, मग गार.

रात्री झोपताना केस डोक्याच्या अगदी वर सैलसर बांधा, मऊ कापडी रबराने. सकाळी सोडून पुढच्या दोन बटांच्या मुळांवर पाण्याचा हलका फवारा द्या, रोलर लावा, आणि चहा होईपर्यंत राहू द्या.