नवं गवत आलंय, पण कळप लगेच मोकळा सोडू नका

उन्हाळ्याअखेर जनावरं हाडकलेली असतात आणि वैरणीची गंजी तळाला गेलेली असते. अशात दोन-तीन चांगल्या सरी पडून रान हिरवं झालं की कळप दिवसभर मोकळा सोडायचा मोह होतो. उन्हाळा तगलेलं जनावर दगावतं ते बहुधा याच दिवसांत. वाळल्या चाऱ्यावर रुळलेल्या कोटीपोटातल्या (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातल्या) सूक्ष्मजीवांना नव्या चाऱ्याशी जुळवून घ्यायला दोन ते तीन आठवडे लागतात. त्यात कोवळ्या गवतात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. पोट भरलेलं दिसतं, शेण पातळ होतं आणि अंगाला काहीच लागत नाही.

गवत वीतभर होऊ द्या. पहिले तीन-चार दिवस दव वाळल्यावर फक्त तासभर चारा. सोडण्याआधी मोठ्या जनावराला २ ते ३ किलो वाळली वैरण खाऊ घाला. उपाशी कळप हिरव्यावर तुटून पडतो आणि तिथेच घोटाळा होतो. मग दर दोन दिवसांनी अर्धा-पाऊण तास वाढवत न्या. गवत ८-१० सेंमी उरलं की कळप पुढे हलवा. जंतांच्या अळ्या बुडाशीच जास्त असतात, शिवाय मुळापर्यंत चरलेलं गवत लवकर फुटत नाही.

लसूणघास, बरसीम किंवा द्विदल तण जास्त असलेल्या रानात फेसाळ पोटफुगी होते. डावी भकाळी (बरगड्यांमागची खोलगट जागा) फुगून पाठीच्या वर येते, जनावर उठबस करतं, श्वास लागतो. मोठ्या गाईला २५० ते ५०० मिली खाद्यतेल तोंडाच्या कडेने हळूहळू पाजा. मान आकाशाकडे ताणून ओतलं तर तेल फुप्फुसात जातं आणि पोटफुगीतून वाचलेली गाय न्यूमोनियाने जाते. बारीक सुई खुपसून उपयोग नाही. वायू फेसात अडकलेला असल्याने बाहेर येत नाही. जनावर चालतं ठेवा आणि डॉक्टरांना लगेच बोलवा.

किरळ लागण्याचा, म्हणजे कोवळ्या ज्वारीतल्या सायनाइडच्या विषबाधेचा धोका याहून वाईट, कारण उपचाराला वेळच मिळत नाही. ज्वारी ६० सेंमीपेक्षा कमी असेल, पाण्याच्या ताणाने सुकली असेल किंवा कापल्यावर नवे फुटवे आले असतील, तर कळप तिकडे वळवूच नका. पाऊस पडून ज्वारी हिरवीगार झाली म्हणजे विष उतरलं असं नाही. ताणानंतरचे कोवळे फुटवेच जास्त घातक. नीट वाळवलेल्या कडब्यात हे विष बरंच कमी होतं.

थंड, ढगाळ हवेत, भरपूर पालाश (पोटॅश खत) घातलेल्या कुरणात दुभत्या गाईंना मॅग्नेशियम कमी पडतं. गाय बिचकते, थरथरते, अडखळून पडते आणि पाय झाडते. कळपात असा त्रास पूर्वी झाला असेल तर चराई सुरू होण्याआधीपासून मोठ्या गाईला रोज ५०-६० ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड द्या. चव कडवट असल्याने ते पेंडीत कालवावं लागतं.

जंतनाशकाची मात्रा नजरेने ठरवू नका. अंदाज कमी पडला की चिवट जंत मागे उरतात आणि पुढे तेच औषध चालेनासं होतं. टेपने पुढच्या पायांमागून छातीचा घेर मोजा, खांद्याच्या टोकापासून माकडहाडाच्या बाजूच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, सगळं सेंमीमध्ये, भागिले १०,८४०: हे झालं किलोतलं वजन. घेर १६० आणि लांबी १३० असेल तर साधारण ३०७ किलो. अल्बेंडाझोल गाभण काळाच्या पहिल्या ४५ दिवसांत देऊ नका.

घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या जीवघेण्या रोगांची लस पावसाआधीच व्हायला हवी, कारण प्रतिकारशक्ती यायला दोन ते तीन आठवडे लागतात. राहिली असेल तर पशुवैद्यकांना विचारून आता उरकून घ्या. फऱ्याला सहा महिने ते दोन वर्षांची धष्टपुष्ट जनावरं आधी बळी पडतात, म्हणून कालवडी-खोंडांना वगळू नका.

चिखलाने खुरं कुजत असतील तर १०० लिटर पाण्यात ५ किलो मोरचूद विरघळवून त्यातून जनावरं चालवा. आधी साध्या पाण्याने पाय धुवा, चिखल मिसळला की द्रावण निकामी होतं. हे पाणी जनावरांच्या तोंडी लागू देऊ नका, ओढ्यातही सोडू नका.