जमीन विकत घ्यावी की खंडाने करावी : उत्तर हिशेबातून कसे काढावे

लगतची जमीन विकायला निघाली की अनेक घरांत निर्णय आधी होतो आणि आकडेमोड नंतर, तीही घेतलेल्या निर्णयाला आधार म्हणून. बांधाला लागून असलेली जमीन पुन्हा मिळणार नाही, ही भावना खरी असली तरी तिच्यामुळे कर्जाचा हप्ता कमी होत नाही. तो कशातून फेडला जाणार, हे सांगणारी वही आधीपासून तयार असावी लागते.

वहीत तीन गोष्टी वेगळ्या दिसल्या पाहिजेत : नफा, हातातील रोकड आणि मालमत्ता. कणगी भरलेली असताना बियाण्याची उधारी भागवायला पैसे नसणे, किंवा जमिनीचा भाव वाढल्यामुळे कागदावर श्रीमंती दिसत असताना हंगाम तोट्यात जाणे, हे शेतीत नेहमीचे आहे. रोजकीर्द साधी असली तरी चालेल, मात्र प्रत्येक नोंद कोणत्या शेताची आणि कोणत्या पिकाची हे तिच्यातून कळले पाहिजे. ‘डिझेल, ३० लिटर’ एवढे लिहिल्याने खर्च कळतो, पण ‘३० लिटर, त्यांपैकी १८ वरच्या शेताच्या नांगरटीला, १२ पंपाला’ असे लिहिले तर वर्षअखेरीस कोणते शेत पोसते आणि कोणते खाते हे उमगते. घरखर्चाचे खाते निराळे ठेवावे. घरच्या माणसांनी केलेल्या कामाची मजुरीही मांडावी, कारण ती न मांडता दिसणारा नफा अनेकदा त्या कष्टांचाच मोबदला असतो. मला ही नोंद सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच सर्वाधिक वगळली जाते.

या नोंदींवरून बारा महिन्यांचा तक्ता आखावा : कोणत्या महिन्यात किती पैसे येणार, किती जाणार आणि महिनाअखेरीस किती उरणार. पेरणीपासून विक्रीपर्यंतचे महिने बहुधा तुटीचे असतात. ही तूट महिन्यागणिक साठत जाऊन जेथे सर्वांत मोठी होते, तो आकडा म्हणजे आपल्याला लागणारे किमान खेळते भांडवल होय, आणि जमिनीच्या व्यवहारात ते कधीही गुंतवू नये.

करांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. काही ठिकाणी शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसतो, पण यंत्रे किंवा इंधन विकत घेताना अप्रत्यक्ष कर भरावाच लागतो. जेथे आयकर आहे आणि त्याचे दर उत्पन्नाबरोबर चढत जातात, तेथे दोन हंगामांचा माल एकाच आर्थिक वर्षात विकला गेल्यास कर वरच्या टप्प्यात जातो. शेतीचे उत्पन्न मुळातच चढउताराचे असल्यामुळे काही देशांनी सरासरीची सोय ठेवली आहे. ऑस्ट्रेलियात ५ वर्षांपर्यंतची सरासरी धरता येते, तर ब्रिटनमध्ये २ किंवा ५ वर्षांची. आपल्याकडे अशी सोय नसेल, तर विक्रीची तारीख आणि खरेदीची तारीख हीच नियोजनाची साधने उरतात. केवळ कर वाचवण्यासाठी यंत्र घेणे मात्र टाळावे : कराचा दर २० टक्के असेल तर १०० खर्चून फार तर २० वाचतात, उरलेले ८० आपल्याच खिशातून जातात.

जमीन वापराने झिजत नाही, म्हणून हिशेबात तिच्यावर घसारा, म्हणजे झिजेपोटी दरवर्षी खर्चात धरायची रक्कम, धरत नाहीत. विहीर, जलवाहिनी, कुंपण आणि गोदाम यांवर तो धरता येतो. त्यामुळे जमीन घेतानाच या वस्तूंचे मूल्य कागदोपत्री वेगळे मांडून घ्यावे. जेथे भांडवली नफ्यावर कर आहे, तेथे पुढे कधी जमीन विकल्यास मूळ खरेदीची आणि सुधारणांची कागदपत्रे दाखवावी लागतात, कदाचित ३० वर्षांनंतर. उष्णतेने छापणाऱ्या यंत्रातून निघालेल्या पावतीची अक्षरे काही वर्षांतच फिकी होतात, म्हणून त्याच दिवशी तिची प्रत काढून दस्ताबरोबर ठेवावी.

आता मूळ प्रश्न. जमिनीची किंमत १०० धरू. त्यांतील ४० आपले आणि ६० कर्जाचे, व्याज १० टक्के, मुदत १५ वर्षे. समान वार्षिक हप्ता सुमारे ७.९ येतो. त्या जमिनीचे वर्षाचे उत्पन्न १२ आणि खर्च ७ असेल तर हाती ५ राहतात. म्हणजे दरवर्षी २.९ ची भर आपल्या जुन्या जमिनीने घालायची. उत्पादन एक चतुर्थांशाने घटून खर्च तेवढाच राहिला, तर ५ चे २ होतात आणि तूट ५.९ वर जाते. पीक २५ टक्के बुडते, पण शिल्लक ६० टक्के बुडते. शिवाय हप्त्यातील व्याज सामान्यतः खर्चात धरले जाते, मुद्दल धरले जात नाही, त्यामुळे हातात पैसा नसतानाही कराची रक्कम उभी राहू शकते. अशी दोन वाईट वर्षे लागोपाठ आली तर तूट कशातून भरणार, याचे लेखी उत्तर असेल तरच खरेदीचा विचार पुढे न्यावा.

तीच जमीन खंडाने, म्हणजे वर्षाला ४ अशा ठरावीक भाड्याने मिळाली, तर चांगल्या वर्षी १ उरतो आणि वाईट वर्षी २ जातात, पण आपले ४० मोकळे राहतात. ठरावीक खंडाऐवजी पिकाच्या वाट्याने केल्यास वाईट वर्षाचा भार जमीनमालकही उचलतो, मात्र चांगल्या वर्षी त्याचा वाटाही वाढतो. खंडाची मुदत आधी पाहावी : एका वर्षाच्या करारावर कोणी शेणखत टाकत नाही आणि चरही काढत नाही, म्हणून किमान ३ ते ५ वर्षांचा लेखी करार मागावा आणि मुदतीपूर्वी जमीन काढून घेतल्यास सुधारणांची भरपाई कशी होईल, हे त्यात नमूद करून घ्यावे.

खरेदीच करायची ठरल्यास विसार देण्यापूर्वी जमिनीवरील बोजा, वाटेचा हक्क, पाण्याचा हक्क आणि हद्दीची मोजणी तपासावी. त्यांतील एखादी बाब अपुरी निघाली तर विसार परत मिळेल, असे कलम विसारपावतीतच लिहून घ्यावे.