जर्मन शहरांची रंग उडालेली बाजू बघायला निघालात? या चुका टाळा

बर्लिनच्या यादीत पहिलंच नाव 'टाखेलेस' असेल, तर ती यादी कुठल्या साली केलीय ते आधी बघा. ओरानिएनबुर्गर रस्त्यावरच्या त्या पडक्या इमारतीचा ताबा कलाकारांनी 1990 मध्ये घेतला आणि 2012 मध्ये त्यांना तिथून निघावं लागलं. आता तिथे महागडे फ्लॅट आहेत आणि फोटोग्राफीचं म्युझियम. बर्लिनच्याच टॉयफेल्सबर्ग टेकडीवरचे अमेरिकन हेरगिरीचे पांढरे घुमट बघायला पूर्वी लोक कुंपणाच्या भोकातून शिरायचे. आता तिकीट काढून दारातून जाता येतं, तरी काही वीर अजून कुंपणच चाचपतात. बंद कारखान्यात विनापरवानगी घुसणं हा जर्मनीत फौजदारी गुन्हा आहे. गंजलेलं लोखंडच बघायचं तर डुइसबुर्गचा लांडशाफ्ट्सपार्क गाठा. 1985 मध्ये बंद पडलेला लोखंडाचा कारखाना आता सार्वजनिक बाग आहे. प्रवेश फुकट, आणि झोतभट्टीवर जिन्याने वरपर्यंत चढता येतं. माझ्या मते बर्लिनमधला एक दिवस कमी करावा, पण हे चुकवू नये.

दुसरी चूक म्हणजे रंगवलेली भिंत दिसली की 'एरिया खराब दिसतोय' म्हणून परत फिरणं. लाइपझिगचं कॉनेविट्स, हॅम्बुर्गचं शान्त्से इथे जमिनीपासून हात पोचेल तिथपर्यंत ग्राफिटी असते आणि त्याच भिंतीला टेकून लोक पोरांना आइस्क्रीम भरवत असतात. जपायचं ते पाकीट, तेही गर्दीच्या स्टेशनांवर.

सगळ्यात जास्त घोळ फोटोंचा होतो. शान्त्सेमधलं 'रोटे फ्लोरा' हे 1888 चं थिएटर 1989 पासून कार्यकर्त्यांच्या ताब्यात आहे. पायऱ्यांवर बसलेली माणसं तिथे राजकारण करतात, तुमच्यासाठी पोझ देत नाहीत. ताब्यात घेतलेल्या जुन्या घरांमध्ये तर लोक राहतातच. आपल्या चाळीत कुणी परका येऊन दोरीवरच्या कपड्यांचे फोटो काढायला लागला, तर पहिल्या मजल्यावरून काय ऐकू येईल ते आठवा. चेहरा घ्यायचा तर विचारून घ्या. भिंती खुशाल टिपा. बर्लिनच्या बऱ्याच क्लबांत दारातच मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. तिथे हुज्जत घातलीत तर रात्र फुटपाथवर जाईल.

गांजा एप्रिल 2024 पासून कायदेशीर झालाय हे अर्धसत्य आहे. प्रौढांना थोडा जवळ बाळगता येतो, पण बर्लिनच्या गोर्लिट्झर पार्कात अनोळखी माणसाकडून विकत घेणं आजही बेकायदाच.

बॅगेवरचं स्वस्तिकाचं स्टिकर किंवा की-चेन घरीच काढून ठेवा. आपल्यासाठी ते शुभचिन्ह, पण तिथे नाझींचं स्वस्तिक, म्हणजे हाकेनक्रॉइत्स, दाखवणं गुन्हा आहे आणि फॅसिस्टविरोधी वस्तीत तुमचा खुलासा ऐकायला कुणी थांबेलच असं नाही.

रविवारी सुपरमार्केट बंद. बर्लिनमध्ये कोपऱ्यावरची 'श्पेटी', म्हणजे उशिरापर्यंत उघडं असणारं छोटं दुकान, तारून नेते, पण खिशात रोख हवी. 'नुअर बारत्सालुंग' (फक्त रोख) अशी पाटी दिसली की कार्ड आत ठेवायचं.

तिकिटाचा धडा मी पैसे मोजून शिकलो. मशीनमधून तिकीट काढलं, नीट घडी करून पाकिटात ठेवलं आणि निवांत बसलो. साध्या कपड्यातल्या तपासनिसाने ते उलटसुलट करून विचारलं, शिक्का कुठाय? काही शहरांत फलाटावरच्या छोट्या खोक्यात तिकीट घालून शिक्का मारून घ्यायचा असतो. 60 युरो गेले.

आणि बाटली. बिअरच्या बहुतेक काचेच्या बाटल्यांवर 8 सेंट अनामत असते (बाटली परत दिली की मिळते), कॅन आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्यांवर 25. बर्लिनच्या क्रॉइत्सबर्गमध्ये कालव्याकाठी मी रिकामी बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली. मागून आलेल्या आजोबांनी काही न बोलता बाही वर सारली, कोपरापर्यंत हात घातला आणि ती काढून पिशवीत टाकली. तेव्हापासून मी बाटली डब्याच्या शेजारी उभी ठेवतो.