चार मित्रांची एकांकिका लिहिण्याआधी 'स्टँड बाय मी' कसा बघायचा

पावसाळा लागला की पुण्यात पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमींचे वारे वाहायला लागतात आणि कॉलेजची पोरं संहिता घेऊन माझ्याकडे येतात. त्यांत एक तरी चार मित्रांची असतेच. कट्टा, चहा, एकाचं प्रेम, एकाची नोकरी, आणि शेवटी एक जण प्रेक्षकांकडे तोंड करून सांगतो की आम्ही मोठे झालो. बिचाऱ्याला सांगावंच लागतं, कारण तोवर कुणीच मोठं झालेलं दिसलेलं नसतं. पात्रांची नावं झाकून संवाद वाचा, कोण बोलतंय ते ओळखू येत नाही. अशा लेखकांना मी रॉब रायनरचा १९८६ चा 'स्टँड बाय मी' बघायला लावते. जेमतेम दीड तासाचा आहे. शिव्या भरपूर आहेत, तेव्हा धाकट्या भावंडांना घेऊन बसू नका.

गोष्ट एका ओळीत: १९५९, ऑरेगनमधलं कॅसल रॉक नावाचं काल्पनिक गाव, बारा-एक वर्षांची चार पोरं लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीच्या अमेरिकन कामगार दिनाच्या, सुट्टीत रुळांवरून चालत एका हरवलेल्या मुलाचं प्रेत बघायला जातात. पहिल्यांदा नुसता बघा. वही नको, पॉज नको.

दुसऱ्यांदा बघताना कागदाला चार रकाने पाडा आणि प्रत्येकात त्या मुलाच्या घरचं काय बिनसलंय ते लिहा. गॉर्डीचा मोठा भाऊ जीपच्या अपघातात गेलाय आणि आईबापांना हा मुलगा दिसेनासा झालाय. ख्रिसचा बाप दारुडा, घराण्याचं नाव खराब, त्यामुळे गावाने त्यालाही चोर ठरवून टाकलंय. टेडीच्या बापाने त्याचा कान शेगडीवर भाजलाय, तरी त्याच बापाच्या दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीला गाजवलेल्या पराक्रमाबद्दल कुणी वाकडं बोललं तर टेडी अंगावर धावून जातो. व्हर्नचा रकाना जवळजवळ रिकामा राहील. राहू द्या. टीव्हीवर आलोच तर केस नीट दिसावेत म्हणून प्रेत बघायला निघताना कंगवा घेणारा मुलगा आहे तो. चौघांचीही घरं उद्ध्वस्त दाखवायचा मोह आपल्याकडच्या लेखकांना फार होतो.

मग शेकोटीचा प्रवेश काढा. गॉर्डी एका लठ्ठ मुलाची गोष्ट रचून सांगतो: 'पाय' नावाचा गोड पदार्थ खायच्या शर्यतीत तो अख्ख्या गावाला ओकायला लावून सूड उगवतो. ती गोष्ट मला स्वतःला जरा लांबलेली वाटते, पण ती संपल्यावर काय होतं ते वहीत उतरवून घ्या. टेडीला शेवट पटत नाही. त्या मुलाने घरी जाऊन बापाला गोळी घालावी आणि पळून जाऊन टेक्सास रेंजर्स या पोलीस दलात भरती व्हावं, असं तो सुचवतो. व्हर्नला वेगळीच शंका: शर्यतीत भाग घ्यायला पैसे भरावे लागले का? नावं झाकली तरी दोघं ओळखू येतात, आणि टेडीच्या मनात काय खदखदतंय ते त्याने स्वतःच्या बापाबद्दल एक अक्षर न काढता कळतं. तुमच्याही चौघांना एकच गोष्ट ऐकवा आणि प्रत्येकाची पहिली प्रतिक्रिया लिहा. दोन प्रतिक्रिया सारख्या आल्या तर एक पात्र कापा.

रेल्वेच्या पुलाचा प्रवेश आवाज बंद करून बघा. ख्रिस आणि टेडी पुढे निघून गेलेत. व्हर्न हातापायांवर रांगतोय, त्याचा कंगवा खाली पडतो. त्याच्या मागे गॉर्डी. रुळाला हात लावल्यावर त्याला थरथर जाणवते, मागून गाडी येतेय. आता तो व्हर्नला ओलांडून पळू शकत नाही, त्याला ढकलत, ओरडत पुढे काढावं लागतं. कोण कुणाच्या मागे उभा आहे एवढ्यावर प्रवेश चाललाय. ब्लॉकिंग, म्हणजे कोण कुठे उभा राहतो आणि कसा हलतो ते ठरवणं, म्हणजे नुसतं लाइट पकडणं नव्हे, हे मी तालमीत घसा कोरडा होईतो सांगते.

प्रॉपर्टीकडे, म्हणजे प्रवेशात वापरायच्या वस्तूंकडे, या. ख्रिस घरातून बापाचं पिस्तूल आणतो. सुरुवातीला गॉर्डी ते रिकामं समजून उडवतो आणि घाबरून जातो. शेवटी प्रेतापाशी एस नावाचा गुंड चाकू काढतो, तेव्हा तेच पिस्तूल गॉर्डीच्या हातात असतं, आणि हात स्थिर असतो. स्टीफन किंगच्या 'द बॉडी' या मूळ दीर्घकथेत ते ख्रिसच्या हातात आहे. सिनेमाने ते हलवलं आणि गॉर्डीचा सगळा प्रवास एका वस्तूत आला.

रडण्याचे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून बघा. रात्री पहाऱ्यावर ख्रिस सांगतो: शाळेत दुधासाठी जमवलेले पैसे चोरले होते, पण ते त्याने बाईंना परत केले होते, बाईंनी ते ठेवून घेतले, आणि नवा स्कर्ट घालून त्या वर्गात आल्या. तो रडतो, गॉर्डी जवळ असतो. दुसऱ्या दिवशी प्रेतापाशी गॉर्डी कोसळतो आणि ख्रिस त्याला धरतो. बदल माणसात कमी आणि दोघांच्या मधल्या जागेत जास्त होतो. तोच लिहायचा.

निरोप मात्र तीनदा बघा. गावात परतल्यावर आधी व्हर्न जातो, जाता जाता रस्त्यावरचं नाणं उचलतो. मग टेडी. भांडण नाही, मिठ्या नाहीत. पुढचं निवेदक सांगतो: व्हर्न लग्न करून चार पोरांचा बाप झाला, लाकडाच्या वखारीत फोर्कलिफ्ट चालवतो. टेडीला सैन्याने घेतलं नाही, डोळ्यांमुळे आणि त्याच भाजलेल्या कानामुळे. ख्रिस वकील झाला आणि दोन भलत्याच माणसांचं भांडण सोडवताना भोसकला गेला. किंगच्या कथेत तिघेही मरतात, सिनेमाने दोघांना जगवलं. माझ्या मते तेच जास्त बोचरं आहे. मेलेल्या मित्रासाठी रडता येतं, वखारीतल्या मित्राला आपण फक्त फोन करत नाही.

आता स्वतःची संहिता घ्या. चौघांची एक्झिट एकाच ब्लॅकआऊटमध्ये असेल तर ती आधी मोडा, एकेकाला वेगळं बाहेर काढा.

आणि पाठांतराची घाई नको. रायनरनेही शूटिंगच्या आधी साधारण दोन आठवडे त्या चार मुलांना एकत्र ठेवून नाटकातले खेळ खेळवले होते. तुमच्याकडे तेवढा वेळ नसेल तर एका सकाळी चौघांना पर्वतीवर न्या, पाण्याची बाटली एकच द्या आणि तुम्ही मागून चढा. कोण पुढे पळतो, कोण वळून बघतो, बाटली शेवटी कुणाकडे राहते ते टिपा. निम्म्या मूव्हमेंट्स पायऱ्यांवरच सापडतात.