आधार कार्डाच्या प्रती देताना होणाऱ्या या चुका टाळा

आधारविषयी लोकांच्या मनात भीती पुष्कळ आणि काळजी मात्र फार थोडी, हे महा ई-सेवा केंद्रात अर्ज भरून देताना मला जवळजवळ रोज दिसते. आपली सगळी माहिती सरकारने गोळा केली, असे तावातावाने सांगणारे गृहस्थ त्याच कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो झेरॉक्सच्या दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि छापील प्रत हातात पडली की तो फोटो कुठे राहिला याची चौकशीही करत नाहीत. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. परंतु आपली प्रत कोणाच्या फोनमध्ये पडून आहे, हे पाहण्याचे काम शेवटी आपल्यालाच करावे लागते.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे बायोमेट्रिक कुलूप, म्हणजे आपला बोटाचा ठसा आधारच्या पडताळणीला चालू नये अशी बंदी, न लावणे, आणि तिच्याविषयी बोलताना मला नेहमी आमच्या ओळखीतल्या एका वयस्क शेतकऱ्याची हकिकत सांगावी लागते. त्यांनी जमिनीचा एक तुकडा विकला. रीतसर खरेदीखत झाले, त्यावर अंगठ्याचे ठसे उमटले आणि ओळखीचा पुरावा म्हणून आधारची झेरॉक्स जोडली गेली. काही महिन्यांनी ते पासबुक भरून घ्यायला बँकेत गेले, तेव्हा ओळीने काही दिवस खात्यातून रकमा काढल्या गेल्याचे दिसले. त्यांच्याकडे एटीएम कार्ड नव्हते, त्यांनी कोणाला ओटीपी सांगितला नव्हता आणि बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक मुलाचा, तोही बंद पडलेला, त्यामुळे संदेश कोणालाच आला नाही. शाखेत त्यांना सांगण्यात आले, "काका, व्यवहार तुमच्याच अंगठ्यावर झालेला आहे." ज्या दिवशी पैसे काढले गेले त्या दिवशी काका शेतात पाणी देत होते आणि पैसे निघाले परराज्यातल्या एका ग्राहक सेवा केंद्रावरून, म्हणजे बँकेच्या प्रतिनिधीच्या दुकानावरून.

हे कसे घडते ते नीट समजून घ्यावे. आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारात, ज्याला बँकेतले लोक एईपीएस म्हणतात, आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्या तीन गोष्टींवर पैसे निघतात. पिन लागत नाही आणि ओटीपीही येत नाही. ज्या खेड्यात एटीएम नाही तिथे ही सोय मोलाची आहे, याबद्दल वाद नाही. मात्र स्थावर मालमत्तेचा नोंदणी झालेला दस्त हा सार्वजनिक अभिलेख असतो आणि १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार तो कोणीही पाहू शकतो, त्याची नक्कल मागू शकतो. दस्तावरचा ठसा उचलून त्याची रबरी किंवा सिलिकॉनची प्रतिकृती बनवल्याची प्रकरणे वेगवेगळ्या राज्यांच्या पोलिसांनी उघडकीस आणली आहेत. ठशामागे खरे बोट आहे की नाही हे ओळखणारी सुधारित तपासणी आधार प्राधिकरणाने २०२३ मध्ये आणली; परंतु तेवढ्या भरवशावर कुलूप उघडे ठेवणे मला मान्य नाही. काकांचा ठसा नेमका कुठून गेला हे शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही. आम्ही शाखेला लेखी अर्ज देऊन व्यवहाराचे ठिकाण आणि तो करणाऱ्या प्रतिनिधीचा तपशील मागितला, पोलिसांत तक्रार दिली आणि पुष्कळ हेलपाट्यांनंतर रकमेचा काही भाग परत आला.

उपाय फुकट आहे. आधारच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपमधून बायोमेट्रिक कुलूप लावता येते आणि गरज पडली की ते थोड्या वेळापुरते उघडता येते. माझ्या घरातल्या सगळ्यांचे कुलूप कायम लावलेले असते. भाडेकराराच्या ऑनलाइन नोंदणीसाठी एजंट अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी आला की ते उघडायचे आणि तो जिना उतरण्यापूर्वी पुन्हा लागल्याची खात्री करायची, ही आमची सवय आहे. इथे उतावळ्या मंडळींची गंमत पाहण्यासारखी असते. कुलूप लावायला उत्साहाने बसतात, महिन्याने रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून दुकानदाराशी भांडतात आणि मग कायमचे उघडे करून टाकतात. घरातल्या ज्या माणसाच्या अंगठ्यावर रेशन किंवा हयातीचा दाखला अवलंबून आहे, त्याला कुलूप कसे उघडायचे हे आधी शिकवावे, नंतरच ते लावावे. आणि हे काम आपल्या फोनवर आपणच करावे. "तुम्हीच करून द्या ना" म्हणून फोन आणि ओटीपी दोन्ही माझ्यासमोर ठेवणाऱ्यांना मी परत पाठवतो.

दुसरी चूक तशी साधी आहे, पण ती पाहून माझा संयम सुटतो. लोक कोरी झेरॉक्स देतात. खाली सही असते, "स्वसाक्षांकित" असे लिहिलेले असते, पण प्रत कोणाला, कशासाठी आणि कधी दिली याचा उल्लेख नसतो. अशी प्रत कोणत्याही कामाला, कोणाच्याही हातून जोडता येते. मी प्रतीवर फोटो आणि क्रमांकाला छेदून जाईल अशा तिरक्या ओळीत घेणाऱ्याचे नाव, काम आणि तारीख लिहितो, तेही निळ्या शाईने, म्हणजे मी दिलेली प्रत कोणती आणि तिची पुढची काळी झेरॉक्स कोणती हे कळते. कोपऱ्यात लिहिण्याचा उपयोग नाही, कारण कोपरा कापता येतो. याने गुन्हेगार थांबतो असा माझा दावा नाही. परंतु आळशी गैरवापर थांबतो, आणि बहुतेक गैरवापर आळशीच असतो.

त्याहून बरा मार्ग म्हणजे मास्क्ड आधार. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. लॉज, सोसायटीचे कार्यालय, क्लासेस, कुरिअर अशा ठिकाणी यापेक्षा अधिक देण्याचे कारण मला दिसत नाही. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने लोकांना कार्डाच्या प्रती सरसकट देऊ नका, मास्क्ड आधार वापरा असे कळवले आणि दोनच दिवसांत, चुकीचा अर्थ निघेल म्हणून, केंद्र सरकारने ती सूचना मागे घेतली. सूचना गेली तरी सोय जागेवरच आहे. काउंटरवरचा माणूस "हे चालत नाही" म्हणाला तर मी मूळ कार्ड दाखवतो आणि प्रत मास्क्डच देतो. थोडा वेळ शांत उभे राहिले की बहुधा चालते.

काही जण घरच्या घरी क्रमांक झाकतात आणि फसतात. फोनमधल्या हायलायटरने मारलेला काळा पट्टा पुष्कळदा अर्धपारदर्शक असतो आणि फोटो उजळ केला की खालचे आकडे दिसतात. याहून मोठी गफलत क्यूआर कोडची आहे. जुन्या कार्डांवरच्या कोडमध्ये नाव आणि पत्त्यासह पूर्ण बारा अंकी क्रमांक उघड असतो आणि तो कोणत्याही साध्या स्कॅनरवर वाचता येतो. म्हणजे क्रमांकावर पट्टी लावून शेजारचा कोड मोकळा ठेवणे हे दार लावून खिडकी उघडी टाकण्यासारखेच आहे. जुने कार्ड असेल तर नव्या कोडचे ई-आधार, म्हणजे कार्डाची पीडीएफ प्रत, संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे.

ई-आधारच्या पीडीएफला असलेला पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, तेव्हा पासवर्ड आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. छपाईसाठी फाइल द्यावीच लागली तर मी पेन ड्राइव्ह नेतो, समोर छापून घेतो आणि फाइल त्या संगणकाच्या डाउनलोडमध्ये व रिसायकल बिनमध्ये उरली नाही, हे पाहूनच निघतो. दुकानदाराला राग येतो, येऊ द्यावा. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरण्याची घाई उसळली, तेव्हा आधार आणि पासबुकांचे फोटो ज्या बेफिकिरीने अनोळखी फोनवर जात होते, ते आठवले की आजही अस्वस्थ व्हायला होते.

जुने सिम बंद करण्यापूर्वी आधारला आणि बँकेत नवा मोबाइल क्रमांक नोंदवावा. बंद केलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो आणि मग तुमचा ओटीपी त्याच्याकडे जातो.

योजनेचे पैसे "आले नाहीत" अशी तक्रार करण्यापूर्वी आधारला शेवटी कोणते बँक खाते जोडले गेले ते तपासावे, कारण थेट लाभाची रक्कम त्याच खात्यात जाते.

समाजमाध्यमांवर कार्डाचा फोटो टाकू नये, हे सांगावे लागते याचेच आश्चर्य वाटते. जुलै २०१८ मध्ये दूरसंचार नियामकाच्या तत्कालीन अध्यक्षांनी आपला क्रमांक जाहीर करून आव्हान दिले, तेव्हा लोकांनी त्यांचे पत्ते आणि फोन क्रमांक शोधून मांडले आणि खुद्द आधार प्राधिकरणाला असे करू नका म्हणून आवाहन करावे लागले.

उलट्या बाजूची चूकही नोंदवतो. सर्वोच्च न्यायालयाने आधारची सक्ती रद्द केली, असे ऐकून काही जण सगळीकडे नकार देत फिरतात आणि प्राप्तिकर विवरणपत्राची तारीख टळली की माझ्याकडे येतात. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने बँक खाते आणि सिम कार्ड यांसाठीची सक्ती काढली, परंतु पॅनशी जोडणी आणि सरकारी अनुदान यांसाठीची अट कायम ठेवली. सिमसाठी पासपोर्ट किंवा वाहन परवाना पुढे करावा, प्राप्तिकराच्या कामात मात्र हुज्जत घालू नये.

एवढे करूनही खात्यातून पैसे गेलेच, तर आधी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि त्याच दिवशी शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. आपली किंवा बँकेची चूक नसताना झालेल्या अनधिकृत व्यवहाराची तक्रार, बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत केल्यास ग्राहकावर भार येत नाही, असे रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये ठरवून दिले आहे. त्यासोबत आधारच्या संकेतस्थळावरून पडताळणीचा इतिहास उतरवून अर्जाला जोडावा. त्यात गेल्या सहा महिन्यांतील वापराच्या नोंदी असतात आणि तुमचा अंगठा कधी, कोणत्या पद्धतीने वापरला गेला हे लिहिलेले असते. तो कागद समोर ठेवला की शाखेतल्या अधिकाऱ्याचे "तुमचाच अंगठा आहे" हे उत्तर तेवढ्या सहजतेने येत नाही.