मसल कारसाठी इंजिन घेताय? आधी या चुका टाळा

मिशिगनमधल्या आमच्या मंडळाच्या गणपतीत आरती संपली, प्रसादाची रांग लागली, की कोणीतरी हमखास फोन पुढे करतो. फोनवर भंगारातल्या एखाद्या इंजिनाचा फोटो, मसल कारमध्ये, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या जुन्या अमेरिकी गाडीत, घालायचं. "दादा, कसं वाटतंय? आजच पैसे देतोय." मी विचारतो, गाडी कोणती? "गाडी अजून बघायचीय." नाल सापडली म्हणून घोडा घ्यायला निघालेली ही माणसं. दरवर्षी तेच प्रश्न आणि त्याच चुका. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

सुरुवात माझ्याच मूर्खपणापासून करतो, म्हणजे पुढे बोलायचा हक्क राहील.

"बोल्ट बसले, म्हणजे जमलं"

माझ्याकडे १९६७ ची फोर्ड मस्टँग होती, मूळ २८९ इंजिनाची (हा आकडा इंजिनाचं आकारमान, घनइंचांत). आधीच्या मालकाने अँटीफ्रीझच्या जागी साधं पाणी भरून गाडी हिवाळाभर उघड्यावर ठेवलेली. इथल्या थंडीत व्हायचं तेच झालं, ब्लॉकला उभी चीर. मी १९९० च्या मस्टँगमधलं ५.० उचललं. ५.० लिटर म्हणजे ३०२ घनइंच, आणि ३०२ म्हणजे २८९ चा सख्खा भाऊ, असं मला चार जणांनी सांगितलं होतं. खोटं नाही ते. पण भाऊ सख्खे असले तरी चपलेचं माप एक नसतं.

पहिला दणका फायरिंग ऑर्डरचा, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडायच्या क्रमाचा. मी प्लगच्या वायरी सवयीने २८९ च्या क्रमाने लावल्या: १-५-४-२-६-३-७-८. या ५.० चा कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) मात्र फोर्डच्याच ३५१ विंडसर इंजिनाच्या क्रमाचा: १-३-७-२-६-५-४-८. कार्ब्युरेटरमधून फटाके वाजले, शेजारची म्हातारी बाहेर आली, मी वायरी बदलल्या. अर्ध्या तासाचं काम.

दुसऱ्या चुकीने दोन महिने खाल्ले. जुनं फ्लायव्हील, इंजिनाच्या मागचं जड चाक, मी नुकतंच मशीन करून आणलं होतं, टाकवेना. पुढचा बॅलन्सरही २८९ चाच ठेवला, कारण माझ्या पुल्या त्यालाच बसत होत्या. सगळे बोल्ट झकास बसले. गाडी सुरूही झाली. आणि अडीच हजार आरपीएमच्या पुढे आरशात मागचा रस्ता दिसेनासा झाला, इतकी थरथर.

मी इंजिन माउंट बदलले. युनिव्हर्सल जॉइंट बदलले. ड्राइव्हशाफ्ट बॅलन्स करून आणला. चाकं दोनदा बॅलन्स केली. शेवटी एका मशीनशॉपमधल्या म्हाताऱ्या कारागिराने एकच प्रश्न विचारला, "फ्लायव्हील कुठलं लावलंयस?" मी सांगितलं. तो काही न बोलता चहा प्यायला गेला.

भानगड अशी आहे. या फोर्ड इंजिनांत क्रँकशाफ्टचा (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचा) तोल पूर्णपणे क्रँकवरच साधलेला नसतो. उरलेलं वजन पुढच्या बॅलन्सरमध्ये आणि मागच्या फ्लायव्हीलमध्ये घातलेलं असतं. २८९ आणि जुन्या ३०२ ला ते २८ औंस-इंच. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच्या ५.० ला ५०. बोल्टांची भोकं तीच, त्यामुळे चुकीचा भाग लावताना तुम्हाला कोणीही अडवत नाही. ऑइल पॅन उतरवला तेव्हा पुढचं मेन बेअरिंग इतकं झिजलं होतं की त्यावर तांबं दिसायला लागलं होतं. अजून एक उन्हाळा चालवली असती तर क्रँकच गेला असता.

हे फक्त फोर्डपुरतं नाही. मोपारचं (म्हणजे क्रायस्लरचं) ३१८ आणि ३६० बाहेरून चुलतभाऊ, पण ३६० चं बॅलन्सिंग बाहेरचं, असंच जादा वजन लावून केलेलं. शेवीचं, म्हणजे शेव्हरोलेचं, ३५० आतून बॅलन्स केलेलं, ४०० बाहेरून. आणि १९८६ पासूनच्या, मागे एकसंध सील असलेल्या ३५० च्या फ्लायव्हीलवर वेगळं वजन असतं. माझी आता सवय अशी: इंजिनाबरोबर त्याचा बॅलन्सर आणि फ्लायव्हील मिळत नसेल तर मी इंजिन घेत नाही. स्वस्त असलं तरी नाही.

ब्रोशरमधली हॉर्सपॉवर

१९७१ पर्यंतचे अमेरिकी आकडे 'ग्रॉस' असायचे. म्हणजे इंजिन स्टँडवर, एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा भार नाही. १९७२ पासून 'नेट' आले, म्हणजे हे सगळं जोडून मोजलेले. शेवीचं एलटी-१ इंजिन जवळजवळ तेच राहिलं, पण कागदावर ३३० चं २५५ झालं. तेव्हा "सत्तर सालचं ४५४ एलएस६ साडेचारशे हॉर्सपॉवर देतं, नव्या पिढीचं एलएस३ तर ४३० च" ही तुलना माझ्यासमोर करू नका. आंबे आणि आंब्याच्या पेट्या एकाच तराजूत घालताय.

तसंही रस्त्यावर तुम्हाला टॉर्क लागतो, आकडा नाही. दोन सिग्नलमधल्या अंतरात साडेसहा हजार आरपीएम कोण गाठतं? पण नवशिक्याला सर्वात मोठा कॅम हवा असतो, कारण आयडलला गाडी घोड्यासारखी खुरं आपटते. मग पॉवर ब्रेकला लागणारा इंजिनाचा व्हॅक्यूम उरत नाही, ब्रेक दगडासारखा लागतो, आणि मला फोन येतो की ब्रेक खराब झालेत.

"एलएस टाक, स्वस्तात होतं"

एलएस म्हणजे शेवीची नव्या पिढीची व्ही-८ इंजिनं. हा सल्ला देणाऱ्यांतल्या निम्म्यांनी स्वतः एकही टाकलेलं नसतं. इंजिनाला माझा विरोध नाही. १९९९ ते २००७ च्या शेवी ट्रकांमधलं बिडाच्या ब्लॉकचं ५.३ मारूनही मरत नाही. पण जंकयार्डमधली किंमत ही फक्त प्रवेशफी आहे. ट्रकचा ऑइल पॅन जुन्या शेवी शेव्हेलच्या क्रॉसमेंबरखाली (चौकटीच्या आडव्या दांड्याखाली) लोंबतो, तो बदला. कार्ब्युरेटरला सहा-सात पीएसआय इंधन पुरायचं, याला ५८ लागतं; म्हणजे नवा पंप, नव्या लाइन. मग वायरिंग हार्नेस, कॉम्प्युटर, माउंट, हेडर्स (एक्झॉस्टच्या नळ्या). आमच्यातल्या एकाने सहाशे डॉलरला इंजिन आणलं आणि गाडी रस्त्यावर येईपर्यंत आणखी साडेचार हजार घातले. त्याची बायको अजून मला दोष देते.

२००७ नंतरचं घेत असाल तर निम्मे सिलिंडर बंद करणारी यंत्रणा आहे का बघा. तिचे लिफ्टर (वॉल्व्ह उचलणारे भाग) दगा देतात.

थोडक्यात आटपतो

बिग ब्लॉक, म्हणजे मोठ्या आकाराचं इंजिन, घालणार असाल तर पुढच्या चाकांवर शंभरेक पौंड वाढतात. स्प्रिंग, रेडिएटर आणि ब्रेकचे पैसे त्याच दिवशी बाजूला काढा.

मोठ्या इंजिनामागे मागचा जुना लहान दहा-बोल्टी ॲक्सल ठेवणारे, तो मोडला की, एक दिवस पायी घरी येतात.

१९६५-६६ च्या मस्टँगमध्ये ३५१ विंडसर कोंबण्याआधी टेप लावा. ते ३०२ पेक्षा दोनेक इंच रुंद आणि सव्वा इंचाहून जास्त उंच आहे. हेडर्स आणि स्टीअरिंग एकाच जागेसाठी भांडतात. फोर्डचं नवं, चार कॅमचं कोयोट इंजिन तर शॉक टॉवर, म्हणजे इंजिनाशेजारचे सस्पेन्शनचे खांब, कापल्याशिवाय बसतच नाही.

बिडाची हेड्स (सिलिंडरांवरची झाकणं), अकराचं (११:१) कॉम्प्रेशन आणि पंपावरचं ९३ ऑक्टेन पेट्रोल हे त्रिकूट जमत नाही.

कॅलिफोर्नियात राहत असाल तर १९७५ पर्यंतची गाडी बघा, स्मॉग टेस्टच्या (धुराच्या तपासणीच्या) फेऱ्या वाचतात.

पाँटिअ‍ॅकमध्ये शेवीचं इंजिन घालू नका. कारण विचारू नका. घालू नका.

विकणाऱ्याच्या तोंडचं "३५०"

३५० म्हटलं की आपल्याला बुलेट आठवते. इथे ते घनइंच, म्हणजे ५७३५ सीसी. आणि शेवीचं प्रत्येक बेवारस स्मॉल ब्लॉक विकणाऱ्याच्या तोंडी ३५० च असतं.

मंडळातल्या एका पोराने १९७० च्या शेवी नोव्हासाठी असंच एक "ताजं रीबिल्ट ३५०" घेतलं. चकचकीत नारिंगी रंग, क्रोमची झाकणं. मी म्हटलं, मागच्या फ्लँजवरचा कास्टिंग नंबर पाठव. तो म्हणाला, "दादा, माणूस चांगला वाटला." पुढच्या आठवड्यात त्याने २.०२ इंची इनटेक वॉल्व्हची महागडी हेड्स मागवली. जुनी हेड्स काढली, व्हर्नियर लावला: बोअर (सिलिंडरचा व्यास) चार इंच हवा, निघाला ३.७३६. ते ३०५ होतं. स्ट्रोक (पिस्टनची धाव) तोच, ३.४८, बाहेरून सगळं तसंच. पण त्या अरुंद बोअरमध्ये २.०२ च्या वॉल्व्हला भिंत आडवी येते.

नुसता कास्टिंग नंबरही पुरत नाही. ३९७००१० हा प्रसिद्ध ब्लॉक शेवीच्या (फोर्डच्या नव्हे) ३०२, ३२७ आणि ३५० अशा तिन्हींत वापरलाय. ब्लॉकच्या पुढच्या पॅडवरचा (सपाट जागेवरचा) शिक्का बघा, आणि हेड काढू देत नसेल तर सरळ घरी या. मी व्हर्नियर खिशात घेऊनच जातो. लोक हसतात.

पोराने ते ३०५ तसंच घातलं, जुन्या हेड्ससकट. दर रविवारी चालवतो, खूश आहे. ती महागडी हेड्स परत गेली नाहीत, माझ्या गॅरेजमध्ये फळीवर खोक्यात पडून आहेत. कोणाला हवी असतील तर सांगा, पण आधी ब्लॉकचा नंबर पाठवा.