कॅलरी मोजताय? मग त्या कशातून येतात तेही बघा

दिवसाचा आकडा पाळला, पण खाणं कसंही असलं, तर वजन उतरतं का? उतरतं. २०१० साली अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात पोषणशास्त्र शिकवणारे मार्क हॉब यांनी १० आठवडे मुख्यतः क्रीमचे केक, बिस्किटं आणि चिप्स खाल्ले. रोजची बेरीज १,८०० कॅलरींच्या आसपास ठेवली आणि जवळपास १२ किलो वजन कमी केलं. मात्र त्यांच्या खाण्यात रोज एक प्रोटीन शेक, मल्टिव्हिटॅमिनची गोळी आणि थोड्या भाज्याही होत्या. ही बाजू सांगताना बहुतेक जण गाळतात.

२०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केव्हिन हॉल यांच्या गटाने वेगळा प्रश्न तपासला. २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं (कारखान्यात तयार झालेलं) अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं, घरगुती धाटणीचं. समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, फॅट आणि फायबर दोन्हीकडे सारखं होतं आणि हवं तेवढं खायची मुभा होती. प्रक्रिया केलेल्या अन्नावर लोक रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेले आणि सरासरी ०.९ किलोने वाढले. साध्या अन्नावर तेवढेच कमी झाले. म्हणजे अन्नाचा दर्जा भुकेवर काम करतो. हट्टाने आकडा पाळणाऱ्याला तो काही आठवडे पाळता येईल, पण सतत भूक लागत असेल तर सहा महिने कुणालाच जमत नाही.

आधी आकडा काढा, म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी शरीर दिवसाला किती कॅलरी खर्च करतं. वजन (किलो) × १०, अधिक उंची (सेंमी) × ६.२५, उणे वय × ५. पुरुषांनी त्यात ५ मिळवायचे, स्त्रियांनी १६१ वजा करायचे. ७५ किलो, १६० सेंमी, ४० वर्षांच्या स्त्रीसाठी उत्तर येतं १,३८९. हालचाल बेताची असेल तर दिवसाचा एकूण खर्च काढायला याला १.३७५ ने गुणा: सुमारे १,९१०. वजन उतरावं म्हणून यातून ४०० वजा केले की दिवसाचे साधारण १,५०० हातात राहतात. हा अंदाज आहे. खरा आकडा तीन-चार आठवड्यांनी तुमचा वजनकाटाच सांगेल.

मग प्रथिनं बसवा, आणि तीही सगळ्यात आधी. वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे वरच्या उदाहरणात ९० ते १२० ग्रॅम. वजन खूपच जास्त असेल तर गाठायच्या वजनावरून हिशोब करा. कॅलरी कमी झाल्या की शरीर चरबीबरोबर स्नायूही वापरू लागतं. पुरेशी प्रथिनं आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलण्याचा व्यायाम यांनी ते बरंच रोखता येतं. शिवाय प्रथिनांतल्या २० ते ३० टक्के कॅलरी ती पचवण्यातच खर्च होतात. फॅटच्या बाबतीत हा खर्च जेमतेम ० ते ३ टक्के असतो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे सुकामेव्याला प्रथिनांचा मुख्य स्रोत समजणं. बदामाच्या १०० कॅलरींत साडेतीन-चार ग्रॅम प्रथिनं मिळतात. कोंबडीच्या छातीच्या मांसातल्या १०० कॅलरींत १८-१९ ग्रॅम. बदाम चांगलेच आहेत, पण या कामाला पुरत नाहीत.

फायबर दर १,००० कॅलरींमागे १४ ग्रॅम धरा, म्हणजे १,५०० वर २१ ग्रॅम. एकदम वाढवलं तर पोट फुगतं, म्हणून आठवड्याला ५ ग्रॅमच वाढवा आणि सोबत पाणीही वाढवा.

‘चांगलं’ आणि ‘वाईट’ अन्न अशा याद्यांवर विसंबू नका. १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात ३८ पदार्थ प्रत्येकी सुमारे २४० कॅलरींचे देऊन पोट किती भरतं ते मोजलं. पहिला आला उकडलेला बटाटा, पांढऱ्या ब्रेडच्या तिपटीहून जास्त गुणांनी. क्रोसाँला (लोण्याचा फ्रेंच पाव) ब्रेडच्या निम्मेही मिळाले नाहीत. तोच बटाटा चिप्स झाला की १०० ग्रॅममध्ये सुमारे ५३० कॅलरी येतात. तेवढ्यात उकडलेला बटाटा ६०० ग्रॅम येतो, आणि तो एका बैठकीत संपत नाही.

याउलट, दर्जा उत्तम म्हणून मोजायचं सोडलं की गाडी तिथेच अडते. ऑलिव्ह तेल, मध आणि शेंगदाण्याचं बटर इथले नेहमीचे गुन्हेगार. तेलाचा एक मोठा चमचा १४ ग्रॅमचा, म्हणजे जवळपास १२० कॅलरी. चमच्याने अंदाज घेऊ नका. बाटली किचनच्या काट्यावर ठेवून शून्य करा, तेल ओता, बाटली परत ठेवा. उणे दिसणारा आकडा म्हणजे वापरलेलं तेल. तांदळाचंही तसंच: १०० ग्रॅम कच्चे सुमारे ३६० कॅलरींचे, १०० ग्रॅम शिजलेला भात १३० चा. कच्चं वजन केलं असेल तर नोंदही कच्च्याचीच करा. यात गल्लत झाली तर हिशोब जवळपास तिपटीने चुकतो.

आवडीच्या गोड किंवा तळलेल्या पदार्थाला दिवसाच्या १० टक्के, म्हणजे १५० कॅलरी ठेवा. तो वजन करून, जेवणानंतर खा. भुकेल्या पोटी पाकीट उघडलं की १५० वर थांबणं फार कठीण.

सुरुवात सगळं फेकून देऊन करू नका. आठवडाभर नेहमीचं खा, नोंदवा आणि प्रत्येक खाण्यापुढे पुन्हा भूक किती तासांनी लागली ते लिहा. ३०० हून जास्त कॅलरी घेऊनही दोन तासांत भूक लागते असे दोन पदार्थ शोधा आणि फक्त तेवढे बदला.

वजन रोज सकाळी, शौचानंतर, काही खाण्याआधी घ्या आणि सात दिवसांची सरासरी बघा. पहिल्या आठवड्यातली मोठी घट बरीचशी पाण्याची असते, कारण शरीरात साठलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (शरीराने साठवलेलं कर्बोदक) सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. नंतर आठवड्याला वजनाच्या ०.५ ते १ टक्का घट पुरे. तीन आठवडे सरासरी हललीच नाही तर आधी मोजमाप तपासा, मग १०० ते १५० कॅलरी कमी करा. वजन उतरतंय पण भूक सोसवत नाही, तर आकड्याला हात लावू नका, प्रथिनं आणि भाज्या वाढवून तेल-साखर कमी करा. वजन उतरतंय पण ताकदही घटतेय, तर कॅलरींची तूट जास्त आहे किंवा प्रथिनं कमी.

गर्भवती, स्तनपान करणाऱ्या आणि १८ वर्षांखालच्या व्यक्ती, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे, मूत्रपिंडाचा विकार असलेले आणि पूर्वी खाण्याशी निगडित मानसिक आजार झालेले यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. दिवसाला ८०० कॅलरींखालचा आहार कुणीही वैद्यकीय देखरेखीशिवाय घेऊ नये. वजन फार वेगाने उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.